चर्नोबिलच्या फोटोतल्या बाहुलीला गॅस मास्क घातला कुणी?

हा फोटो तुम्ही कधी ना कधी बघितलेला असणारच.

पडकी खोली. भिंतीच्या रंगाचे पोपडे सुटलेत, खिडकीला काच नाही. लहान मुलांच्या मापाची एक लोखंडी कॉट आणि त्या कॉटवर बसलेली बाहुली. बाहुलीच्या तोंडावर गॅस मास्क. खाली कॅप्शन ठरलेलं, 'चर्नोबिल. इथं काळ १९८६ मध्येच थांबलाय.'

आपण बघतो, अंगावर काटा येतो, शेअर करतो आणि पुढच्या रीलवर जातो.

आता एक साधा प्रश्न विचारून बघा. गॅस मास्क माणसाच्या डोक्याच्या मापाचा असतो. तो बाहुलीच्या डोक्याला गेला कसा? घरदार सोडून बसमध्ये चढायच्या गडबडीत कुणी बाहुलीला मास्क घालत बसलं असेल का?

नाही. हा मास्क तिला नंतर कुणीतरी घातलाय. आणि ते घालणारे बहुतेक वेळा कॅमेरा घेऊनच आले होते.

ओसाड जागा, तिथं अजिबात न शोभणारी एखादी वस्तू आणि त्या वस्तूचा फोटो, हा फोटोग्राफीतला हमखास चालणारा प्रकार आहे. वाळवंटात पडलेला पियानो, जंगलात उभा केलेला टेलिफोन, पडक्या शाळेतला एकच बूट. असले फोटो लाखांनी लाइक घेतात. पण त्यातली वस्तू तिथं सापडली की आणून ठेवली, यावरून जगात दीडशे-पावणेदोनशे वर्षं भांडणं चालू आहेत. एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीतही त्यावरून राडा झाला होता. त्याकडं येऊच, आधी ही बाहुली कुठली ते बघू.

तीन दिवसांसाठी म्हणून निघालेलं शहर

२६ एप्रिल १९८६. मध्यरात्र उलटून १ वाजून २३ मिनिटांनी चर्नोबिल अणुवीज केंद्राच्या ४ नंबरच्या रिअॅक्टरमध्ये स्फोट झाला. तेव्हा युक्रेन सोव्हिएत युनियनमध्ये होतं. केंद्रापासून साधारण ३ किलोमीटरवर प्रिप्यात नावाचं शहर होतं. १९७० मध्ये खास केंद्रातल्या कामगारांसाठी वसवलेलं. लोकसंख्या जवळपास ४९ हजार.

स्फोटानंतर दीड दिवस या लोकांना धड काही सांगितलंच नाही. २६ तारीख शनिवार होती, मुलं शाळेत गेली, लोक बाजारात गेले. २७ तारखेला दुपारी घोषणा झाली, गाव रिकामं करायचंय, तीन दिवसांपुरतं सामान आणि कागदपत्रं घ्या. हजारावर बस लागल्या होत्या. काही तासांत शहर मोकळं झालं.

ते तीन दिवस अजून संपलेले नाहीत.

म्हणजे तिथं बाहुल्या राहिल्या, पुस्तकं राहिली, चपला राहिल्या, हे सगळं खरं आहे. लोक ताटावरून उठावं तसे उठून गेले, हेही बऱ्यापैकी खरं. पण 'काळ थांबला' हे मात्र अजिबात खरं नाही. कारण त्यानंतर या शहरात माणसांची ये-जा कधी बंदच झाली नाही.

सगळ्यात आधी आले लिक्विडेटर. म्हणजे साफसफाईसाठी पाठवलेले सैनिक आणि कामगार. संपूर्ण दुर्घटनेच्या सफाईला जवळपास ६ लाख माणसं लावली होती. त्यांनी रस्ते धुतले, माती खरवडली आणि घरांतलं रेडिएशन लागलेलं सामान बाहेर काढून, ट्रकमध्ये भरून गाडलं. त्यामुळं प्रिप्यातमधले बरेचसे फ्लॅट आज रिकामे दिसतात, ते लोक रिकामे करून गेले म्हणून नव्हे.

मग आले चोर. टीव्ही, फ्रिज, रेडिएटर, तांब्याच्या तारा, जे म्हणून भंगारात जाईल ते उचललं गेलं.

आणि तिसरी गोष्ट तर बऱ्याच लोकांना माहीतच नसते. चर्नोबिलचं वीज केंद्र त्या स्फोटानंतर कायमचं बंद पडलं नव्हतं. उरलेले रिअॅक्टर पुन्हा चालू केले गेले आणि शेवटचा, म्हणजे ३ नंबरचा रिअॅक्टर डिसेंबर २००० मध्ये बंद झाला. तिथं काम करणारी माणसं प्रिप्यातमधला स्विमिंग पूल १९९८ पर्यंत वापरत होती! आज तोच पूल, टाइल्स निखळलेला, डायव्हिंगचा बोर्ड वर लटकलेला, '१९८६ मध्ये थांबलेला काळ' म्हणून फिरतो. स्फोटानंतर १२ वर्षं लोक त्यात पोहत होते.

मास्क खरे, त्यांची गोष्ट वेगळी

प्रिप्यातच्या ३ नंबरच्या शाळेत एका खोलीत जमिनीवर शेकडो गॅस मास्क पसरलेत. हा फोटोही तुम्ही बघितला असेल. बघणाऱ्याला वाटतं, घाबरलेल्या पोरांनी पळताना मास्क काढून फेकले असावेत.

पण शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत शाळांमध्ये नागरी संरक्षणाचं शिक्षण असायचं. अमेरिकेनं अणुबॉम्ब टाकला तर काय करायचं, मास्क कसा घालायचा, याच्या कवायती मुलांकडून करून घ्यायचे. त्यासाठी शाळेत मास्कचा साठा असायचा. खरी आपत्ती आली तेव्हा तो साठा कुणी उघडलाही नाही. नंतर भंगार शोधणाऱ्यांनी पेट्या फोडल्या. फिल्टरमध्ये चांदीचा अंश मिळतो म्हणून फिल्टर काढून नेले आणि रबर तिथंच फेकून दिलं, असं तिथले गाइड सांगतात.

खरं सांगायचं तर ही गोष्ट त्या बनावट गोष्टीपेक्षा जास्त अंगावर येते. ज्या युद्धाची तयारी केली ते झालंच नाही, जी दुर्घटना झाली तिच्यात ती तयारी उपयोगी पडली नाही, आणि शेवटी लोकांनी तिच्यातली चांदी विकली. पण ही गोष्ट एका फोटोत मावत नाही. बाहुलीच्या तोंडावर मास्क चढवला की तीन सेकंदांत काम होतं.

२०११ मध्ये युक्रेननं या भागात अधिकृत पर्यटन सुरू केलं आणि बाहुल्यांना बरे दिवस आले. कोपाची नावाचं एक गाव होतं. रेडिएशनमुळं तिथली बहुतेक घरं बुलडोझरनं पाडून मातीत गाडली. त्यातून वाचलेल्या मोजक्या इमारतींपैकी एक म्हणजे तिथली बालवाडी. जवळपास प्रत्येक टूर इथं थांबायची. तुम्ही इंटरनेटवर या एका बालवाडीचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो शेजारी शेजारी लावून बघा. तीच बाहुली एका फोटोत कॉटवर झोपलीय, दुसऱ्यात खिडकीत बसलीय, तिसऱ्यात तिच्या हातात पुस्तक आहे. ओसाड बालवाडीतली बाहुली एवढी फिरती कशी काय?

२०१९ मध्ये एचबीओची 'चर्नोबिल' ही सिरीज आली आणि त्या वर्षी पर्यटकांचा आकडा लाखाच्या वर गेला. तिथं काढलेल्या सेल्फींवरून, तोकड्या कपड्यांतल्या फोटोंवरून इतका गदारोळ झाला की सिरीजचे लेखक क्रेग मेझिन यांना लोकांना जाहीर विनंती करावी लागली, जा, पण इथं भयंकर काहीतरी घडलंय याचं भान ठेवा.

आणि हा प्रश्न फक्त शिष्टाचाराचा नाही. नियमच असा होता की काही उचलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही, बॅग किंवा ट्रायपॉड जमिनीवर ठेवायचा नाही. कारण रेडिएशन सगळीकडं सारखं नसतं. रस्ता बऱ्यापैकी स्वच्छ असतो, पण बाजूच्या शेवाळात, धुळीत, एखाद्या वस्तूला चिकटून किरणोत्सारी कण असू शकतात.

याचं सगळ्यात वाईट उदाहरण प्रिप्यातच्या दवाखान्यातलं आहे. स्फोटाच्या रात्री आग विझवायला गेलेल्या जवानांना आधी इथं आणलं. त्यांचे कपडे, बूट उतरवून तळघरात टाकले. त्यातल्या अनेकांना लगेच मॉस्कोला हलवलं. अग्निशमनचे जवान आणि केंद्रातले कर्मचारी मिळून २८ जण त्याच वर्षी तीव्र रेडिएशनच्या आजारानं गेले. त्यांचे कपडे मात्र त्या तळघरातच राहिले आणि आजही ते तिथल्या सगळ्यात घातक वस्तूंपैकी आहेत. त्यातला एक फाटका तुकडा कुणीतरी वर आणला आणि तो दवाखान्याच्या स्वागतकक्षात येऊन पडला. मग काय, पर्यटक त्याच्याजवळ मीटर नेऊन आकडा कसा उड्या मारतो त्याचे फोटो काढायला लागले. मेलेल्या माणसाच्या अंगावरचं कापड, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर. तेवढ्यानं जी वस्तू कुणाला त्रास देत नव्हती ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत आली.

पण असा फोटो आपल्याला धरून का ठेवतो?

यात गूढ काही नाही. पडक्या इमारतीचा नुसता फोटो काढला तर नजर ठरत नाही. सगळीकडं सारखाच चुरा, सारखाच गंज. त्यात एक ओळखीची, माणसाच्या हातातली वस्तू आली की नजर तिथं जाऊन थांबते. खोली केवढी आहे याचा अंदाज येतो. आणि मुख्य म्हणजे, फोटोत माणूस नसतानाही माणूस दिसायला लागतो. बाहुली बघितली की आपण आपोआप तिच्या मालकिणीचा विचार करतो. कुठं असेल ती आता? मोठी झाली असेल का?

म्हणजे वस्तूची सगळी ताकद एकाच गृहीतकावर उभी आहे, की ती ज्यानं सोडली त्यानं ती इथंच सोडली. जागा बदलली की प्रश्नाचं उत्तर बदलतं. 'पोरीनं इथं टाकली' याऐवजी 'गेल्या शनिवारी एका पर्यटकानं इथं ठेवली' असं होतं. फोटो तोच राहतो, पण तो आता फक्त त्या पर्यटकाबद्दल काहीतरी सांगतो.

एक कवटी आणि राष्ट्राध्यक्षाची ट्रेन

आता ते निवडणुकीचं प्रकरण. यात बाहुली नाही, बैलाची कवटी आहे.

१९३६ चं अमेरिका. आर्थिक मंदी, त्यात मध्य भागात भयानक दुष्काळ आणि धुळीची वादळं. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारनं शेतकऱ्यांना मदत करण्यासाठी एक खातं काढलं होतं, रिसेटलमेंट अॅडमिनिस्ट्रेशन. लोकांना गावाकडची परिस्थिती दिसावी म्हणून या खात्यानं पगारी फोटोग्राफर ठेवले होते. त्यातला एक आर्थर रॉथस्टीन. वय अवघं २०.

मे महिन्यात तो साउथ डकोटाच्या उजाड भागात हिंडत होता. भेगाळलेल्या, क्षारामुळं पांढरट झालेल्या जमिनीवर त्याला उन्हानं पांढरी पडलेली एक कवटी दिसली. त्यानं फोटो काढला. मग उजेड वेगळा हवा, पोत वेगळा हवा म्हणून ती कवटी उचलून थोडी पलीकडं, गवताजवळ ठेवली आणि आणखी काही फोटो काढले. त्याच्या म्हणण्यानुसार त्यानं ती फार तर १० फूट हलवली होती.

उन्हाळ्यात दुष्काळ आणखी भडकला आणि भेगाळलेल्या जमिनीवरच्या कवटीचा फोटो देशभरातल्या पेपरांनी छापला. दुष्काळाचं चित्र म्हणून त्याहून बोलकं काय मिळणार? भेगा, हाड आणि वर तळपणारं ऊन.

त्याच वर्षी निवडणूक होती. ऑगस्टमध्ये रूझवेल्ट दुष्काळी भागाच्या दौऱ्यावर निघाले. त्यांची ट्रेन नॉर्थ डकोटातल्या फार्गो शहरात पोचायच्या सुमारास तिथल्या 'फार्गो फोरम' या पेपरनं बॉम्ब टाकला. हा फोटो बनावट आहे! सरकारी फोटोग्राफर कवटी घेऊन फिरतो आणि पाहिजे तिथं ठेवून दुष्काळ दाखवतो! असली क्षाराची भेगाळ जमीन या भागात चांगल्या पावसाच्या वर्षीही दिसते, असंही पेपरचं म्हणणं होतं. विरोधी रिपब्लिकन मंडळींना आयतं कोलीत मिळालं. एक कवटी हलवली म्हणजे सगळे फोटो खोटे, फोटो खोटे म्हणजे मदतीची योजनाही खोटी, असा हिशेब सुरू झाला.

गंमत अशी की यात दोन्ही बाजूंकडं थोडं थोडं खरं होतं. कवटी हलवली होती, हे खरं. पेपरवाले म्हणत होते ती जमिनीची गोष्टही चुकीची नव्हती. पण दुष्काळही शंभर टक्के खरा होता. १९३६ चा उन्हाळा अमेरिकेच्या इतिहासातल्या सगळ्यात कडक उन्हाळ्यांपैकी एक होता. जनावरं मरत होती, माणसं गावं सोडून चालली होती.

निवडणुकीवर त्याचा काही परिणाम झाला नाही. तेव्हाच्या ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्ट यांनी जिंकली. पण रॉथस्टीनला पुढं आयुष्यभर या कवटीचं उत्तर देत बसावं लागलं. मला विचाराल तर त्यानं कवटी हलवली यात मोठं पाप नव्हतं. पोत आणि सावलीचा सराव म्हणून काढलेला फोटो दुष्काळाचा पुरावा म्हणून वापरला गेला, घोळ तिथं झाला. आणि त्याची किंमत भोगायची वेळ आली ती, ज्यांच्या शेतात खरंच काही उगवलं नव्हतं, त्यांच्यावर.

तोफगोळे आधी कुठं होते?

याच्याही मागं जायचं तर १८५५. क्रिमियाचं युद्ध. ब्रिटिश फोटोग्राफर रॉजर फेंटन दारू विक्रेत्याची घोडागाडी विकत घेऊन, तिची डार्करूम बनवून रणभूमीवर गेला होता. २३ एप्रिलला त्यानं सेवास्तोपोलजवळच्या एका घळीचे दोन फोटो काढले. माणूस नाही, झाड नाही, नुसती उजाड टेकाडं आणि मधून जाणारा रस्ता. दोन्ही फोटो एकाच जागेवरून काढलेले. फरक एवढाच, की एकात तोफगोळे रस्त्याकडेच्या चरात पडलेत आणि रस्ता मोकळा आहे. दुसऱ्यात रस्त्यावर गोळेच गोळे.

दुसरा फोटो जगप्रसिद्ध झाला. मग वाद सुरू झाला, आधीचा कुठला? फेंटननं गोळे रस्त्यावर आणून मांडले, की रस्त्यावरचे गोळे कुणी बाजूला केले? लेखिका सुझन सोंटॅग यांनी २००३ मध्ये लिहिलं की फेंटननंच गोळे मांडून घेतले.

एरोल मॉरिस या डॉक्युमेंटरी दिग्दर्शकाला काही हे पटेना. पुरावा काय? तो थेट क्रिमियात जाऊन ती जागा शोधून आला. सावल्या मोजल्या, तज्ज्ञांना विचारलं, काही जमेना. शेवटी उत्तर निघालं ते गोळ्यांमधून नव्हे, तर बारक्या दगडांमधून. दोन्ही फोटो मोठे करून एकमेकांवर ठेवले तेव्हा दिसलं की उतारावरचे काही दगड एका फोटोत थोडे वर आहेत, दुसऱ्यात थोडे खाली. माणसं वावरली की पायानं दगड घरंगळतात, आणि दगड खालीच जाणार, वर कसे चढतील? ज्या फोटोत दगड खाली आलेत, त्याच फोटोत गोळे रस्त्यावर आहेत. म्हणजे मोकळा रस्ता आधी, गोळे नंतर.

ते कुणी आणि कशासाठी आणले हे मात्र दगड सांगत नाहीत. फेंटननं फोटोसाठी मांडले असतील, किंवा सैनिक ते परत डागायला गोळा करत असतील. पण क्रम तरी कळला, तोही ज्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं त्या खड्यांमुळं.

सगळंच मांडलेलं असतं असंही नाही

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे असले सगळे फोटो खोटेच. थांबा.

२००६ मध्ये इस्रायल आणि हिजबुल्लाहचं युद्ध झालं तेव्हा लेबनॉनमधल्या ढिगाऱ्यांतल्या खेळण्यांचे इतके फोटो आले की लोकांनी इंटरनेटवर आरोप सुरू केले, फोटोग्राफर खेळणी सोबत घेऊन फिरतायत. त्यात एपी वृत्तसंस्थेच्या बेन कर्टिस यांचा टायर शहरातला एक फोटो होता. चुरा झालेल्या काचांमध्ये पडलेलं मिकी माउसचं खेळणं. कर्टिस यांनी सांगितलं, मी ते हलवलेलं नाही, होतं तसं टिपलंय. आणि विचार करा, मुलं राहत असलेल्या वस्तीवर बॉम्ब पडला तर ढिगाऱ्यात खेळणी सापडणार नाहीत तर काय सापडणार? मांडलेल्या फोटोंचा सुळसुळाट झाला की त्याचा फटका असा बसतो. खरा फोटो काढणाऱ्यालाच आपण खरे असल्याचं सिद्ध करत बसावं लागतं.

कधी तर सापडलेली वस्तू कुठल्याही कल्पनेच्या पुढं जाते. अमेरिकन फोटोग्राफर रिचर्ड मिसरॅक यांनी वर्षानुवर्षं वाळवंटात फोटो काढले. ८० च्या दशकाच्या अखेरीस नेवाडातल्या अणुचाचणी क्षेत्राच्या कडेला त्यांना 'प्लेबॉय' मासिकाचे अंक सापडले. कुणीतरी नेमबाजीच्या सरावासाठी वापरलेले. नेम मुखपृष्ठावरच्या बाईवर धरला होता, पण गोळ्या आतल्या सगळ्या पानांतून आरपार गेल्या होत्या. जाहिराती, नट, निसर्गचित्रं, सगळ्यांना भोकं. मिसरॅक यांनी ती पानंच मोठी करून फोटो म्हणून मांडली. असलं काही स्वतः मांडायला बसलं तर सुचेल का?

मग ओळखायचं कसं?

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे धूळ. दहा-वीस वर्षं पडून असलेल्या वस्तूवर तेवढीच धूळ असते जेवढी आजूबाजूला. बाहुलीचा चेहरा स्वच्छ आणि कॉटवर बोटभर थर, म्हणजे ती नुकतीच तिथं आलीय. वस्तूच्या शेजारी धुळीत स्वच्छ गोल किंवा चौकोन दिसला तर ती पूर्वी कुठं होती तेही कळतं. कापडाचा रंग ज्या बाजूनं ऊन लागतं त्या बाजूनं उडतो. खिडकीकडची बाजू गडद आणि भिंतीकडची उडालेली असेल तर गडबड आहे.

मग वस्तूचं तोंड बघा. पडलेल्या वस्तू कशाही पडतात. खिडकीच्या उजेडाच्या झोतात, बरोबर कॅमेऱ्याकडं बघत बसलेली बाहुली म्हणजे बसवलेली बाहुली.

आणि त्याच जागेचे इतर फोटो शोधा. गूगल लेन्स किंवा टिनआय वापरून पाच मिनिटांत होतं. कोपाचीच्या बालवाडीसारखी जागा असेल तर वस्तू फिरताना स्पष्ट दिसते. हल्ली एआयनं बनवलेले फोटोही यात मिसळलेत. तिथं धूळ बघून उपयोग नाही, कारण ती बाहुलीच नसते आणि ती खोलीही नसते. तिथं एकच विचारायचं, ही जागा नेमकी कुठली, आणि तिचा दुसऱ्या कुणी काढलेला एकतरी फोटो आहे का?

तुम्हीच फोटो काढणार असाल तर

त्यासाठी युक्रेनला जायची गरज नाही. (सध्या जाताही येत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन सैन्य याच भागातून घुसलं, महिनाभर केंद्राचा ताबा घेऊन बसलं, आणि तेव्हापासून तिथलं पर्यटन बंद आहे.) आपल्याकडं उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि कॅमेरे घेऊन गर्दी जमते. बंद पडलेल्या गिरण्या, सोडलेले वाडे सगळीकडं आहेत. उजनीच्या पाण्यात गावं गेलेली माणसं आजही आसपास राहतात. समजा तिथल्या गाळात तुम्हाला जातं दिसलं आणि तुम्ही ते उचलून देवळाच्या पायरीवर मांडलं. फोटो झकास येईल, पण ज्याच्या आजीचं घर तिथं होतं त्याला ते जातं आता कुठल्या घराचं हे कधीच कळणार नाही.

तेव्हा वस्तू दिसली की आधी लांबून पूर्ण जागेचा फोटो घ्या. जवळचा नंतर. कोन बदलायचा असेल तर तुम्ही हला, वस्तू राहू द्या. बसा, झोपा, मागं जा, उजेड फिरेपर्यंत तासभर थांबा. रॉथस्टीनला हवा होता तो उजेड कदाचित १० फूट न हलवताही मिळाला असता, वेळ थोडा जास्त लागला असता इतकंच.

मांडूनच फोटो काढायचा असेल तर तोही बिनधास्त काढा, त्याला कला म्हणतात आणि त्यात कमीपणा काही नाही. २००५ मध्ये एल्मग्रीन आणि ड्रॅगसेट या कलाकारांच्या जोडीनं टेक्सासच्या माळरानावर, हायवेच्या कडेला प्राडा कंपनीच्या दुकानाची हुबेहूब प्रतिकृती उभी केली. दार न उघडणारी, पण काचेमागं खऱ्या चपला आणि पर्स असलेली. थोड्याच दिवसांत चोरांनी ती फोडून चपला पळवल्या, हा भाग वेगळा. पण ती कलाकृती आहे हे कुणापासून लपवलं नव्हतं, म्हणून कुणी फसलंही नाही. फक्त आपली वस्तू आपण आणायची, जाताना परत न्यायची, आणि तिथली हलवायची नाही.

बाकी राहतं कॅप्शन. 'इथं काळ थांबलाय' लिहिण्याऐवजी जागा, तारीख आणि 'वस्तू होती तशीच' किंवा 'मी ठेवली' एवढं लिहिलं तरी पुरे. त्याच जागेवर पाच वर्षांनी जाणाऱ्या माणसाला त्यावरून कळेल की मधल्या काळात काय हललं आणि काय नाही.